बिट्टीचं हिरवं फळ

मी पिवळी कण्हेर बोलतेय. भिऊ नका, माझं नुसतं बोलणं कुणाला बाधत नाही. मुलं मला बिट्टी म्हणतात.

एक्कावन्न साली कोपरीत जयाबाईंनी मला कुंपणाला लावलं. शेजारच्या गोदामावशींच्या शेळ्यांनी मोगरा खाल्ला, जास्वंद खाल्ली. मला हुंगून पुढे गेल्या. जयाबाई खूश. शेळ्या का खात नाहीत, हे काही त्यांनी विचारलं नाही. बिट्टीच्या वाळक्या बियांनी त्या लहानपणी खेळलेल्या, मग भीती कसली? तीन वर्षांत मला पिवळ्या पेल्यांसारखी फुलं आली, मग हिरवी फळं. फुलं महादेवाला जात. मीही जरा मिरवू लागले.

काल दुपारी त्यांचा दीड वर्षाचा मधु दुडदुडत माझ्यापाशी आला. जयाबाई वाळलेले कपडे काढत होत्या. वळून पाहतात तो पोराच्या ओठांवर पांढरा चीक!

"मावशी, धावा! यानं बिट्टीचं फळ खाल्लं!"

"बाय गो! आतली बी खाल्ली का? इख हाय ती!"

"विष? मला शाळेत पाकळ्या, पुंकेसर सगळं पाठ होतं हो. हे कुणी शिकवलंच नाही!"

"आता साळा पुरे कर. पोराला उचल, डाक्तरकडं पळ! पडलेलं फळ मी हुडकते."

जयाबाई अनवाणी नौपाड्यातल्या दवाखान्याकडे धावल्या. मावशी माझ्या बुंध्याशी बसून एकेक पान उलटू लागल्या. मीच गाळलेली पानं ती, इतकी की खालचं माझं मलाच दिसेना. बाळानं बी फोडली असली तर? अंगावर अजून तीसेक फळं लोंबत होती. एकही लपवता येईना.

अखेर फळ सापडलं. सालीवर चार इवल्या दातांच्या खुणा, आतलं कवच अख्खं. मावशी ते पदरात बांधून दवाखान्याकडे सुटल्या.

दिवेलागणीला मधु आईच्या खांद्यावर पेंगत परतला. डॉक्टरांनी तोवर समोरून हलू दिलं नव्हतं. बी पोटात गेली नव्हती. जयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला काही त्यांच्याकडे पाहवेना.

आज सकाळपासून त्या कोयता घेऊन उभ्या आहेत. "फुलतं झाड तोडावं का हो, मावशी?" तिसऱ्यांदा विचारतायत.

तोडा, जयाबाई. पण वरवर छाटू नका, छाटली की मी दुपटीनं फुटते. कुदळ आणा, मुळापासून काढा. आणि आजूबाजूला नीट बघा, माझी बोटभर पोरं उगवली असतील. तीही उपटा. आईच सांगतेय.