आठाचा चार

मशीन टीं टीं करायला लागलं तेव्हा मी गालाला साबण लावून आरशासमोर उभा होतो. आमचं धुण्याचं मशीन न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळकांडीत आहे. आत चादरी होत्या. फिरता ड्रम मध्येच थांबला होता, आणि वरच्या काळ्या पट्टीवर तांबडा आकडा लुकलुकत होता.

"अगं, बघ गं हे काय म्हणतंय," मी बायकोला हाक मारली.

आमच्या घरात वाचायचं काम तिचं. मी गवंडी. थापी लवकर हातात आली आणि पाटी राहून गेली. अक्षरं मला लग्नानंतर तिने शिकवली. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. तिच्या नजरेतून अनुस्वार सुटायचा नाही. रस्त्याने जाताना दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की आत जाऊन सांगून यायची. आमच्या गल्लीतला औषधवाला तर तिला लांबून बघून म्हणायचा, "या बाई, आज काय चुकलंय?"

ती पदराला हात पुसत आली. चष्मा खाली ओढून वाकली.

"ई चार," ती म्हणाली. "लावा फोन फौजदाराला."

फौजदार म्हणजे आमची मुलगी. दुसऱ्या शहरात असते. मशीन तिनेच घेऊन दिलं, आणि त्याचं माहितीपुस्तक तिच्या फोनमध्ये आहे.

खरं सांगायचं तर मला तो आठ वाटला होता. इंग्रजी आकडे मला अक्षरांच्या आधीपासून ओळखीचे, कारण टेपवर तेच असतात. आठाला चार समजणाऱ्या गवंड्याची भिंत दुसऱ्या दिवशी त्याच्याच अंगावर येते. पण ती म्हणाली चार. तिने वाचल्यावर आपण परत वाचायचं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला वाटलं, साबणाच्या हाताने मी माझा चष्मा पुसला, त्यामुळे धूसर दिसलं असेल.

"बाबा, तोंडात काय आहे? बुडबुड ऐकू येतंय," मुलगी म्हणाली.

"दाढीचा साबण. मशीन अडलंय. ई चार म्हणतंय."

"थांबा, बघते. ई चार म्हणजे पाणी आत येत नाहीये. नळ उघडा आहे का?"

"उघडा आहे."

"मग तो बंद करा, मागची नळी सोडवा. तिच्या तोंडाशी एक बारीक जाळी असेल. ती घाणीने भरली असेल. धुऊन परत बसवा. जमेल ना?"

"मी इमारती उभ्या केल्यात."

"इमारतीला प्लग नसतो, बाबा."

मी मशीन पुढे ओढलं, नळी सोडवली. जाळी तशी स्वच्छच होती. तरी जुन्या दातांच्या ब्रशने घासली. नळी घट्ट बसवली, नळ उघडला, मशीन चालू केलं. पाणी आत येतानाचा आवाज आला. मग परत टीं टीं.

"बघ गं परत."

"चारच आहे," बायको म्हणाली. "हटवादी आहे मेलं. तुमच्यावर गेलंय."

मुलगी चक्रावली. "पाणी येताना ऐकू येतंय म्हणता, आणि मशीन म्हणतंय येत नाही. एकजण खोटं बोलतोय. बटण बंद करून थोडं थांबा आणि परत लावा." तसं केलं. परत तेच. मग दुसरा धुण्याचा प्रकार लावून बघितला. मग दार उघडून परत लावलं. प्रत्येक वेळी मी ओणवा, कान मशीनला लावून, आणि बायको पट्टीकडे बघून सांगत होती, चार. आतून मात्र पाणी उपसल्यासारखी घुरघुर थांबत नव्हती. ज्याच्याकडे पाणीच नाही तो उपसेल काय, असा विचार माझ्या मनात आला आणि गेला.

"आई कशी आहे?" मध्येच मुलीने विचारलं.

हे ती हल्ली प्रत्येक फोनला विचारते. मागे आली होती तेव्हा दोन दिवस ती आईकडे बघत राहिली, आणि जाताना मला जिन्यात गाठून म्हणाली, "तिला एकदा डॉक्टरांना दाखवू या. ती तेच तेच विचारते." मी म्हणालो, वय झालं की सगळेच विचारतात. घरात आलो तर बायको दाराआडच उभी होती. "मला तिकडे नेऊ नका," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीला नेलं होतं. आज वार कोणता, हे बोट कुठलं, असं विचारतात. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आता माझ्या काढणार. वचन द्या." मी दिलं. तेव्हापासून मी फौजदारापुढे दोघांची जबानी देत आलो.

"चांगली आहे," मी म्हणालो. "आत्ताच मला हटवादी म्हणाली."

"मग ठणठणीत आहे."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचा शिंपी होता. घरातच शिवतो. गळ्यात टेप, कानाला खडू.

"काका, वर धरण बांधलंत का? आधी सांगितलं असतं तर होडी घेऊन ठेवली असती."

"काय झालं?"

"छतातून पाणी येतंय. इस्त्रीच्या टेबलावर गिऱ्हाइकाचा कोट होता, तो आंघोळ करून बसला. कोटाचं सोडा, ओघळ विजेच्या बोर्डाकडे चाललाय. मी खालचं बटण पाडून आलोय. तुम्ही काय ते बघा."

मी मागे गेलो. मशीनमागे टाचेला गार लागलं. लादी भिजली होती, माझ्या पायजम्याच्या कडाही भिजल्या होत्या. इतका वेळ मी त्यातच उभा होतो आणि लक्ष सगळं वरच्या आकड्याकडे. ज्याने आयुष्यभर लोकांच्या भिंतींतली ओल शोधली त्याला स्वतःच्या पायाखालची कळली नाही.

"बाबा, आता काही करू नका. फक्त त्या आकड्याचा फोटो काढून पाठवा," मुलगी म्हणाली.

फोटो गेला. मग आलेला आवाज वेगळाच होता.

"प्लग काढा. कोरड्या चपला घाला, हात पुसा, आणि प्लग काढा. आत्ता."

मी काढला. तांबडा आकडा विझला.

"बाबा, हा आठ आहे. ई आठ. तळाशी पाणी गळतंय म्हणून मशीन थांबलंय. इथे पहिलीच ओळ आहे, लगेच प्लग काढा, मशीनला हात लावू नका. आणि मी तुम्हाला ओल्यात उभं करून परत परत चालू करायला लावतेय. काही झालं असतं म्हणजे? चार कुणी वाचला?"

फोटो पाठवताना फोनचा मोठा आवाज चालू झाला होता. बायको शेजारीच उभी होती, हातात फडकं घेऊन.

"मी," मी म्हणालो. "माझं वाचन तुला माहीत आहे."

पलीकडे तिने श्वास सोडला. तो मला स्पष्ट ऐकू आला.

"मी घाबरलेच होते. मला वाटलं आईने..." ती थांबली. "बरं, मेकॅनिकला मी सांगते. आणि यापुढे आकडा आईला वाचायला सांगत जा, काय? साखरेचं इंजेक्शनही तीच देते ना तुम्हाला? तेच ठीक आहे. तुम्ही त्याच्या नादी लागू नका."

फोन बंद झाला. बायकोने फडकं लादीवर टाकलं आणि पायाने फिरवायला लागली.

"कमाल आहे तुमची," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात होते, परदेशात नव्हते. एक हाक मारली असती तर वाचून नसतं का दिलं?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं ती माझी बाजू सावरून घेतेय, किंवा स्वतःची. तसं काही नव्हतं. ती खरोखर रागावली होती.

मला इंजेक्शन आठवलं. इंजेक्शनचं पेन असतं, त्याला एक बारीकशी खिडकी असते. मागचं चाक फिरवलं की खिडकीत आकडे सरकतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर थांबायचं असतं. रोज सकाळी ती फिरवते, टोचते, आणि मी छताकडे बघतो, कारण सुई मला बघवत नाही. आज सकाळी ती कुठल्या आकड्यावर थांबली, मला ठाऊक नव्हतं. कालही नव्हतं.

मी फोनमधला फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला.

"हे वाच."

"ई चार," ती सहज म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "असं काय बघताय?"

"हा चार नाही गं."

"मग काय आहे?"

"आठ."

"तुम्ही कधीपासून मला शिकवायला लागलात?"

ती ओट्याशी गेली. ओट्यावर पीठ सांडलं होतं. त्यात तिने बोटाने सुरेख चार काढला. पाटीवरचा मराठी चार, वरून उघडा, खाली गाठ मारलेला. मला तिने असाच शिकवला होता. मी त्याच्या शेजारी इंग्रजी आठ काढला. तिने दोन्ही पाहिले. एकदा, परत एकदा. भिंतीचा वरचा रंग पोपडे धरून सुटला की खाली पहिल्या हाताचा चुना दिसायला लागतो, त्याची मला आठवण झाली. शाळेत पहिल्यांदा शिकलेले आकडे तेवढे तिच्याकडे उरले होते, नंतरचे सुटत चालले होते.

"हे दोन्ही एकच आहेत," ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, "नाहीत का?"

"नाहीत."

ती स्टुलावर बसली. पिठाचं बोट तिने तसंच वर धरलं होतं.

"मघाशी तुम्ही मला हाक मारली होतीत?"

"हो."

"मी वाचलं?"

"हो."

"चार म्हणाले?"

"दरवेळी."

"मग तिला का सांगितलंत तुम्ही वाचलं म्हणून?"

"तू वचन घेतलं होतंस."

"मी माझ्यापुरतं घेतलं होतं." तिची नजर माझ्या पायजम्याकडे गेली. कडा अजून ओल्या होत्या, पायाला चिकटल्या होत्या. "तुम्ही पाण्यात उभे होतात."

"काही झालं नाही ना."

"असं म्हणू नका. छापखान्यात कुणी असं म्हणालं की मी त्याला उभा करून झापायचे. चूक छापून गेली नाही, हे नशीब. ती चूक नव्हती असं नाही." तिने माझ्या हाताकडे बघितलं. "इंजेक्शनचं तुम्हाला बोलायचं होतं, होय ना? मघापासून दंड चोळताय."

मला ते कळलंही नव्हतं. मी हात खाली घेतला.

"उद्यापासून तुम्ही बघत जा खिडकीत," ती म्हणाली. "सुई दिसते म्हणून मान फिरवू नका. पुरुषासारखे पुरुष आणि एवढ्याशा सुईला भिता." हे ती हसत म्हणाली, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "लावा फोन."

"आत्ताच? ती कामात असेल."

"आत्ता. नंतर माझ्या लक्षात राहिलं नाही तर?"

मी लावला. मुलीने लगेच उचलला. "बाबा? काय झालं? परत पाणी?"

माझी बायको "द्या इकडे" एवढंही म्हणाली नाही. तिने फोन माझ्या हातातून काढूनच घेतला, आणि कुणी मजकूर वाचून दाखवावा तशी सरळ बसली.

"मी बोलतेय. मशीनवर आठ आहे म्हणे. मला चार दिसतो. मघाशीही मीच वाचला होता, बाबांनी नाही. मला ते आठवत नाही, पण तसं झालंय. तू त्या डॉक्टरांची वेळ घे."

खाली शिंप्याने विजेचं बटण लावलं असावं. त्याचं शिलाई मशीन एकदम धडधडायला लागलं.

"आई," मुलगी म्हणाली, "हे कधीपासून होतंय?"

बायकोने फोन कानापासून दूर घेतला. माझ्याकडे बघत राहिली. तिला काय विचारलंय ते समजलं होतं. उत्तर तिच्यापाशी नव्हतं, आणि ते कुणापाशी आहे हेही तिला समजलं होतं.

"हे मला नाही सांगता यायचं," तिने फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा. आणि मधलं काही गाळू नका."

मी दुसरं स्टूल ओढलं. पाठ तिच्याकडे करून बोलता आलं असतं, पण मी तसा बसलो नाही. थंडीच्या दिवसांपासून सुरुवात केली. त्याआधीचं मलाही नक्की सांगता येत नव्हतं.