तेओद्यूल लाव्हिलची निधनवार्ता

आमच्या बेटावरच्या राष्ट्रीय रेडिओत मी एकतीस वर्षं ध्वनियंत्रक होतो. बोलणारा काचेपलीकडे बोलतो आणि मी अलीकडे बसून त्याचा आवाज बाहेर सोडतो किंवा बंद करतो. एवढंच काम. त्यात माझी जबाबदारी ती कसली, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी हा रेडिओ सुरू झाला. त्याआधी लंडनहून आलेल्या बातम्या ऐकायच्या. त्यांत आमच्या गावांची नावं कधी नसायची. नव्या कायद्यात पहिल्याच कलमात लिहिलं होतं की हे केंद्र लोकांचं आहे, आणि बातम्या पात्वातही, म्हणजे आमच्या घरच्या बोलीतही, दिल्या जातील. पुढच्या वर्षी वादळाने अर्ध्या बेटाची छपरं उडवली. सहा दिवस कोण जिवंत आहे, कुठला रस्ता उघडा आहे, हे लोकांना फक्त आमच्याकडून कळत होतं. तेव्हापासून रेडिओवर आलं म्हणजे खरं, असं लोक मानू लागले. त्या विश्वासावर पुढे कुणीकुणी खुर्च्या उबवल्या!

मेलिता व्हालमों दुपारी साडेबाराला निधनवार्ता वाचायची आणि एक वाजता पात्वातल्या बातम्या. सव्वीस वर्षं. सगळं बेट तिला तांती म्हणायचं, म्हणजे मावशी. निधनवार्तेचा नियम पहिल्या दिवसापासून एकच होता: घरच्यांनी लिहून दिलेला मजकूर जसाच्या तसा वाचायचा, मग गेलेला माणूस न्यायाधीश असो की कोळी.

त्या मंगळवारी सकाळी फों झाबोका गावाच्या डॉक्टर ओनोरीन काझीमीर यांचा फोन आला. नव्या टाकीचं पाणी नळांना सोडल्यापासून गावात जुलाब-उलट्यांनी चाळीस माणसं आडवी झाली होती, त्यांत लहान मुलं बरीच. पाणी उकळून प्या, एवढंच सांगा, असं त्यांचं म्हणणं. मेलिताने चार ओळींची बातमी लिहिली आणि संचालकांकडे नेली.

संचालक ग्रेशम प्रॉस्पियर मंत्र्यांच्या प्रचारातून थेट आमच्याकडे आलेले. पाणी सुरू झालं असलं तरी टाकीचं उद्घाटन शनिवारी होतं, त्याच मंत्र्यांच्या हस्ते. त्यांनी बातमीवर आडवी रेघ मारली. आरोग्य खात्याचं पत्र आणा म्हणाले. खातं म्हणालं, मंत्रालयाला विचारा. मंत्रालयात फोन उचलायला कुणी नव्हतं. बुधवारी डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाज चढलेला. त्या दिवशी पात्वा बातम्या रद्द करून मंत्र्यांचं टाकीविषयीचं चाळीस मिनिटांचं भाषण लावण्यात आलं. लावण्यात आलं कसलं, मीच लावलं. आणि ते चालू असताना डब्यातलं खाऱ्या मासळीचं कालवण आणि उकडलेली केळी खाल्ली.

गुरुवारी सकाळच्या बसने सिदोनी लाव्हिल नावाची बाई आली. तिचे वडील तेओद्यूल, वय एकाहत्तर, आदल्या संध्याकाळी गेले होते. मंगळवारी दुपारपर्यंत ते नीट हिंडत-फिरत होते. घरात रेडिओ दिवसभर चालू असायचा, ती म्हणाली. पाण्याबद्दल काही असतं तर ऐकलं असतं. मेलिताने निधनवार्तेसाठी कागद पुढे सरकवला.

सिदोनीने नाव, वय, नातवंडं असं सगळं लिहिलं आणि थांबली.

"तांती, बाबा कशाने गेले ते लिहिलं तर वाचशील?"

"तू लिहिशील ते सगळं वाचीन," मेलिता म्हणाली. "अक्षर तेवढं मोठं काढ. माझा चष्मा जुना झालाय."

साडेबाराला ती वाचायला बसली. तिसरी वार्ता तेओद्यूलची होती. फों झाबोकाचे तेओद्यूल लाव्हिल, सुतार, नव्या टाकीचं पाणी पिऊन आजारी पडले आणि बुधवारी वारले. घरचे सर्वांना कळवतात की ते पाणी उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये, मुलांना तर थेंबही देऊ नये. मेलिताचा आवाज नेहमीसारखाच संथ होता. ते तिने दोनदा वाचलं.

दुसऱ्यांदा वाचत असतानाच प्रॉस्पियरसाहेब माझ्या खोलीत घुसले.

"ऑक्टाव्ह, आवाज बंद कर."

"निधनवार्ता आहे साहेब. मध्येच तोडत नाहीत."

"मी हुकूम देतोय तुला."

"मग लेखी द्या. तोवर बाईंचं वाचून होईल."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

तासाभरात फों झाबोकात घरोघरी चुलीवर पाण्याची पातेली चढली. शुक्रवारी तपासणीची माणसं गेली. टाकीच्या वरच्या अंगाला डुकरांचा मोठा वाडा होता आणि त्याची घाण टाकीत येणाऱ्या झऱ्यात उतरत होती. उद्घाटन रद्द झालं. गुरुवारनंतर गावात कुणी दगावलं नाही.

मेलिताला मात्र गुरुवारी संध्याकाळीच निलंबित केलं होतं. तीन महिन्यांनी चौकशी समिती बसली. अध्यक्षांनी तिला विचारलं, झाल्या प्रकाराचा खेद वाटतो का.

"वाटतो ना," ती म्हणाली. "मंगळवारी माझ्या हातात कागद होता आणि समोर माइक होता. मी सहीची वाट बघत बसले. तेओद्यूलच्या लेकीला मी काय तोंड दाखवू?"

माझी साक्ष झाली तेव्हा मी दोन्ही फोनच्या वेळा सांगितल्या, रेघ मारलेला कागद दाखवला, भाषण मीच लावलं हेही सांगितलं. सगळं टिपून घेतलं गेलं.

अहवाल आला तो बावीस पानांचा. त्यात लिहिलं होतं की राष्ट्रीय रेडिओने जनतेला वेळेवर सावध केलं आणि त्यामुळे मोठा अनर्थ टळला. मेलिताचं नाव कुठेच नव्हतं. मंगळवार आणि बुधवार तर या देशात उगवलेच नव्हते म्हणा. प्रॉस्पियरसाहेब मंत्रालयात सल्लागार झाले. मेलिताला कामावर परत घेतलं, पण माइकपासून लांब, जुन्या ध्वनिफितींच्या खोलीत. निधनवार्ता आता संचालकांच्या सहीशिवाय वाचत नाहीत.

मी निवृत्त झालोय. दर महिन्याला समितीच्या कार्यालयात जातो आणि 'वेळेवर' हा शब्द खोडा, असा अर्ज देतो. तिथला कारकून आता मला ओळखतो. गेल्या खेपेला म्हणाला, "एका शब्दासाठी किती चपला झिजवाल, काका?"

मी म्हटलं, तो शब्द तेओद्यूलच्या घरच्यांना वाचून दाखव, मग विचार.

त्याने मान खाली घालून अर्जावर शिक्का मारला.