रातांब्याच्या रसात धुतलेली कॉइल

मी एक जुनी कॉइल आहे. जुनी म्हणजे किती, ते ऐकलंत तर हसाल. माझ्या जातीचं आयुष्य फार तर पंधरवड्याचं, मग कचऱ्याची टोपली. मी त्याच्या कितीतरी पट जगले, आणि मित्रांनो, त्याचा मला काडीचाही अभिमान नाही.

तुम्ही फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या छत्रीचं मनोगत ऐकलं असेल. ती बिचारी रडतात, की आम्हाला कुणी जपलं नाही. माझी तक्रार उलटी आहे. मला इतकं जपलं, इतकं न्हाऊमाखू घातलं, की जपणाऱ्याचीच मला किळस आली. त्याचं नाव सुजय.

आधी मी कोण ते सांगते. बोटाच्या पेराएवढी पोलादी नळी, तिच्या आत बारीक तारेची जाळी आणि जाळीभोवती कापूस, एवढीच मी. मला व्हेप नावाच्या जाडसर पेनासारख्या यंत्रात बसवतात. तंबाखूचं विष घातलेला एक गोड वासाचा अर्क माझ्या कापसात मुरतो, बटण दाबलं की तार तापते, अर्काची वाफ होते आणि ओढणारा ती छातीत भरून घेतो. सर्दी झाल्यावर आई टॉवेल पांघरून जो वाफारा देते, त्याच्याशी माझं नातं लावू नका. तो बरं करतो. माझ्या विक्रीला तर या देशात बंदीच आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. आम्ही पाच बहिणी एका चकचकीत पाकिटात होतो. सुजय मालवाहू जहाजावर इंजिनाकडे कामाला. एका परदेशी बंदरात त्याने आमचं पाकीट विकत घेतलं, आणि ‘सिगारेट सोडायला घेतोय’ असं सोबत्यांना सांगितलं. त्याने सिगारेट सोडली हे खरं, पण मग दिवसभर आम्हालाच ओढू लागला. माझ्या चार बहिणी भर समुद्रात जळून गेल्या. उरलेली मी मोज्यात लपून त्याच्याबरोबर रत्नागिरीला आले.

सुजयचं घर मिरजोळ्यात, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. घरात त्याची आई सावित्री आणि बायको मृणाली. मृणालीला सहावा महिना लागला होता. आधी एकदा तिचं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून या खेपेला सगळं घर तिच्याभोवती दबक्या पावलांनी वावरत होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की घरात धूर नको, तंबाखू नको, कसलंच व्यसन नको. सुजयने देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, ‘आजपासून सगळं सोडलं, माझ्या बाळाला सुखरूप ठेव.’ मी तेव्हा त्याच्या खिशात होते. देवाला दिसले असेन, मृणालीला दिसले नाही.

आता याची अक्कल बघा. वासाने चोरी पकडली जाऊ नये म्हणून त्याने आंब्याच्या वासाचा अर्क आणला होता. मे महिन्यात रत्नागिरीत आंब्याचा वास आला तर कोण विचारणार, असा त्याचा हिशेब. पण मृणालीचं माहेर दापोलीकडचं. ती आंब्याच्या कलमांत वाढलेली मुलगी. बंद डोळ्यांनी आढीतला आंबा ओळखणारी. मोरीत दरवळणारा तो गुळचट वास हापूसचा नाही, पायरीचा नाही, कुठल्याच झाडाचा नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. ती बोलली नाही इतकंच. नवरा आपण होऊन सांगेल, अशी तिला आशा होती. मला तशी आशा कधीच नव्हती.

मित्रांनो, गोड अर्क तापून तापून तारेवर काळा राप धरतो, कापूस करपतो आणि वाफ कडू लागते. मग माणूस नवी कॉइल घालतो. सुजयला इथे नवी कुठून मिळणार? तेव्हा त्याने मला धुवायला सुरुवात केली. मोरीची कडी लावून तो वाटीत कढत पाणी घ्यायचा आणि मला त्यात बुडवून ठेवायचा. पाणी काळपट झालं की ओतायचा, पुन्हा कढत पाणी, पुन्हा बुडवणं. दातांच्या जुन्या ब्रशने मला हळूच घासायचा, फुंकर घालायचा, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आत बघायचा. जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून न ठेवणारा हा माणूस! सकाळी उठल्यावर त्याला खोकल्याची अशी उबळ यायची की भिंतीला हात टेकून उभा राहायचा. त्या छातीत काय साचलंय ते बघावं, असं त्याला कधी वाटलं नाही. माझ्यात काय साचलंय ते मात्र तो रोज बघायचा.

धुतल्यावर मला वाळवणं भाग होतं, कारण पाण्याने ओल्या कापसात अर्क नीट मुरत नाही. घरात कपाट, फडताळ, खिडकी, सगळीकडे मृणालीचा हात फिरायचा. म्हणून सुजयने गच्ची शोधली.

गच्चीवर तेव्हा सावित्रीची सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत होती. पावसाच्या आत हे काम उरकायला हवं, म्हणून ती सकाळपासून त्यातच असायची. रातांबे, म्हणजे कोकमाची लाल फळं, फोडून सालं वेगळी करायची, गर-बियांना मीठ लावून रस काढायचा, सालं दिवसा सुपात पसरून उन्हात टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा त्या रसात भिजत घालायची. अशी पुटांवर पुटं दिली की सोलं काळीभोर होतात आणि वर्षभर टिकतात. उरलेला खारा रस बाटल्यांत भरून ठेवायचा. मृणालीला तर सकाळी त्याच रसाचं पेलाभर पाणी, वर गुळाचा खडा, एवढं मिळालं की दिवस बरा जायचा. दुसरं काही तिच्या पोटात ठरत नव्हतं.

सुजय आपण होऊन म्हणाला, की कावळे येतात, मी राखण करतो. सावित्रीला भरून आलं. शेजारी सांगून आली, “बोटीवर जावन शाना झाला हो माझा झील.” आणि तिचा हा शहाणा झील, म्हणजे लेक, सुपाच्या काठाशी, सालांच्या आड, मला उन्हात ठेवून बसायचा.

एके दिवशी तो मला धुवायला मोरीत शिरला आणि तेवढ्यात मृणालीने दार वाजवलं. घाबरून त्याने मला तशीच खिशात टाकली, अर्काने चिकट, कापूस अजून भरलेला. वर आला, ‘आधी सुकू दे, मग धुतो’ म्हणून मला सुपात टाकलं आणि खाली जाऊन झोपला. मी एका सालाला चिकटले. उन्हं कलल्यावर सावित्री वर आली, सूप उचललं, खाली पडवीत नेलं आणि सगळी सालं रसाच्या टोपात ओतली. त्यांच्याबरोबर मीही गेले तळाला. आंबट-खारट रसाने माझ्यातला सगळा अर्क ओढून घेतला.

सुजय गच्चीवर मला शोधत फिरला. पत्रे उचलले, कुंड्या हलवल्या, मग कावळ्याने नेली असं ठरवून कावळ्यांना शिव्या दिल्या. खालून सावित्री म्हणाली, “पुरे रे, सोलां आत घेतलीत मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सालं उपसताना सावित्रीच्या हाताला मी लागले. तिला वाटलं, कुकरचा नाहीतर मिक्सरचा भाग असेल. तिने काय केलं असेल? कोकणातली कुठलीही बाई करील तेच. काळं पडलेलं भांडं दिसलं की हात आपोआप आमसुलाकडे जातो. तिने एक भिजकं साल घेतलं आणि मला खसाखसा घासून लख्ख केलं. सुजयच्या सगळ्या कढत पाण्यांनी जे झालं नव्हतं, ते त्या सालाने झालं. तिने मला पडवीच्या कठड्यावर ठेवलं, पेल्यात रस घातला, पाणी ओतलं, गूळ टाकला आणि तो मृणालीच्या हातात दिला.

तेवढ्यात सुजय बाहेर आला.

“ह्या काय हाय रे?” सावित्रीने विचारलं. “रसाच्या टोपात गावला. कुकराचा काय?”

सुजयने माझ्याकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं, मग मृणालीच्या हातातल्या पेल्याकडे. अर्काच्या बाटलीवर कवटीचं चित्र होतं, ते त्याला पाठ होतं. त्या रसात माझ्यातलं विष किती उतरलं होतं, कुणाला बाधलं असतं की नसतं, मला ठाऊक नाही. मी कॉइल आहे, डॉक्टर नव्हे. पण त्यालाही ठाऊक नव्हतं. ‘पिऊ नको’ एवढे दोन शब्द पुरे होते. पण त्या शब्दांमागून ‘का?’ आलं असतं. म्हणून या शूर दर्यावर्दीने काय केलं? पाय घसरल्याचं सोंग करून टोपावर पडला.

टोप उलटला. लालभडक रस पडवीभर झाला, पायऱ्यांवरून अंगणात उतरला. “अरे मेल्या, वरसाचा रस रे माझा!” म्हणत सावित्री खाली बसली आणि ओंजळीने तो गोळा करायला लागली. रातांबे वेचण्यापासून तिची कंबर मोडली होती. सुजय ‘पाय सरकला गो आये’ म्हणत गुडघा चोळत राहिला. सोंग छान वठलं होतं. फक्त एक गोष्ट तो विसरला. मृणालीच्या हातातला पेला तसाच भरलेला होता.

तिने तो ओठांकडे नेला.

“नको!” सुजय ओरडला. “पिऊ नको ते. त्यात... त्यात पाल पडली होती.”

“पाल?” सावित्रीने मान वर केली. “आणि मगाशी बोल्लास नाय?”

मृणालीने पेला खाली घेतला. कठड्यावर मी उन्हात चमकत होते. तिने मला हातात घेतलं आणि नाकाशी धरलं. इतकं घासूनही माझ्या पोटात तो खोटा आंबा थोडा उरला होताच.

“पाल पडली होती का, अहो?”

“हो.”

“मग पाल कुठं गेली?”

मृणालीने पेला त्याच्यासमोर धरला. तिचा आवाज जराही चढला नाही. “हिच्यातलंच उतरलंय ना? तुम्ही रोज ओढता. आज प्या.”

मित्रांनो, मी ज्याच्या छातीत दिवसभर तेच विष पाठवत होते, तो माणूस एका पेल्यापासून दोन पावलं मागे सरला. तो प्यायला नाही. प्यावं अशी तिची इच्छाही नव्हती. तिने पेला मोरीत ओतला, धुतला, पालथा घातला.

“देवाजवळ नारळ ठेवलात,” ती म्हणाली, “मला वाटलं, मला नाय तर त्याला तरी खरं सांगाल.” मग मात्र तिला रडू फुटलं. सावित्रीला सगळं कळलं नसेल, पण सून कशासाठी रडते तेवढं कळलं. तिने लाल ओले हात पदराला पुसले आणि मुलाकडे अशा नजरेने पाहिलं की तसं माझ्याकडेही कुणी पाहिलेलं नाही.

सुजयने यंत्र आणि बाटली आणून मृणालीच्या पायाशी ठेवली. मला तिच्या हातातून घेतलं. “टाकून देतो,” म्हणाला. आणि काय सांगू, घेता घेता सवयीने त्याने मला सदऱ्याला पुसलं, फुंकर घातली आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

मृणालीने हात पुढे केला. “द्या इकडे.”

तेव्हापासून मी एका काचेच्या बाटलीत, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी आहे, येता-जाता त्याला दिसेन अशी. सावित्रीने त्याला शेजाऱ्यांच्या झाडावरचे रातांबे काढायला लावले आणि फोडायलाही बसवलं. त्याचे हात लाल झालेत. कालच त्याने रसाचा तो टोप साल घेऊन घासला, बऱ्यापैकी घासला. सकाळची उबळ अजून येते. पूर्वी मृणाली पाणी घेऊन धावायची. आता ती दारात उभी राहून ऐकते, आणि थांबल्यावर पाणी देते. तिने माफ केलंय की नाही, हे त्याने विचारलेलं नाही. ते विचारायचीही त्याची छाती होत नाही.

मित्रांनो, इतर वस्तू शेवटी हात जोडतात, की आम्हाला जपा. मी तसलं काही मागणार नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात कुठे मोज्यात, खिशात, सुपाच्या काठाशी सापडली, तर तिला धुऊ नका, पुसू नका, उजेडाकडे धरू नका. घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात ठेवा आणि हे कुणाचं ते विचारा. कुणी पाल पडली म्हणालं, तर पाल दाखवा म्हणा.