रडका चित्ता

चांगदेवशेठ म्हणजे वळ गावातलं वजनदार माणूस, आणि हे वजन काट्यावरसुद्धा खरं उतरायचं. पंचायतीत ते उभे राहिले की माईक बंद करून ठेवत. अशा माणसाने भर अकरा वाजता मानकोलीला इद्रीस पेंटरच्या शेडमध्ये पाऊल टाकलं, टेम्पोच्या अंगावरचं चित्र पाहिलं आणि त्यांची वाचाच बसली. फार वेळ बसली नाही, हे वेगळं सांगायला नको.

"इद्रीस, ह्यो तं रडतो रं!"

पत्र्यावर ओल्या रंगात एक चित्ता उभा होता. अंगभर काळे ठिपके, मान ताठ, पुढचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर उचललेले. आणि दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून तोंडापर्यंत ओघळलेली एकेक काळी रेघ.

"रडत नाही, शेठ. चित्त्याला असतातच त्या रेघा."

"आनि गवा कुठं हाय? मी गवा सांगितलेला. मानंवर पाय, खाली रगत. नव्या गाडीवर रडका जनावर? गाडीच्या सत्यनारायणाला काय सुतक पालू का?"

गव्याची मागणी शेठ उगाच करत नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी रुचिका सव्वीस वर्षांची. तीन वर्षं एका गोडाऊनच्या ऑफिसात गाड्यांच्या वेळा लावत बसली, आणि एक दिवस म्हणाली, आता मीच गाडी चालवणार. टेम्पो घेतला. आज दुपारी दोन वाजता त्याच गोडाऊनवर तिची चाचणीची फेरी होती. माल भरायचा, निजामपुऱ्याच्या गल्लीबोळांत पोचवायचा. फेरी नीट झाली तर रोजचं काम तिचं, नाहीतर रांगेत दुसरा टेम्पो उभाच होता.

शेठनी विरोध करून पाहिला होता. तीन दिवस पोरीने त्यांच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी ते शरण गेले. पण पोटातली भीती काही गेली नाही. मानकोलीच्या रस्त्यावर चाळीस फुटी ट्रेलर एकमेकांना रेटत असतात, आणि त्यात ही पंचेचाळीस किलोची पोर. तिच्या जोडीला काहीतरी हवं, ज्याच्याकडे पाहून भल्याभल्यांची टरकली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुतण्याच्या ट्रेलरवर सिंह होता. म्हणून इकडे गवा लोळवणारा चित्ता.

पण इद्रीस हा काही सांगाल ते रंगवणारा माणूस राहिला नव्हता. बावीस वर्षं त्याने ट्रकांवर वाघ-सिंह काढले, आणि दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेले चित्ते बघायला हा गृहस्थ बस बदलत बदलत मध्य प्रदेशात जाऊन आला. दोन दिवस जीपमध्ये धूळ खाल्ली तेव्हा एक दिसला, तोही पाठमोरा. तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच.

"शेठ, चित्ता गवा मारत नाही," तो ब्रश पुसत म्हणाला. "चाळीस-पन्नास किलोचा जीव तो. गवा हजार किलोचा. फार तर दोन-तीन सख्खे भाऊ मिळून आफ्रिकेतलं ते मोठं दाढीवालं हरीण पाडतात. एकटा गव्यावर गेला तर चेंदामेंदा."

"सिंवाशी तं लढंल?"

"नाही."

"बिबट्याशी?"

"टाळेल."

"मग तरसाशी तरी?"

"तरस आला तर मारलेली शिकार टाकून निघून जाईल."

चांगदेवशेठनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे पलपुटा हाय! माझ्या पोरीच्या गाडीवर तू पलपुटा काढलास, तो पन रडका!"

इद्रीसला राग येत नसे, पण हा त्याच्या वर्मी घाव होता. त्याने ब्रश खाली ठेवला.

"पळपुटा? अहो, जंगलातला सगळ्यात हिशोबी शिकारी आहे तो. सिंहाला मार लागला तर भाऊबंदांच्या शिकारीवर त्याचं भागतं. चित्त्याचा पाय मुरगळला की संपलं, कारण त्याची सगळी दौलत त्या पायांत. म्हणून तो मटणासाठी भांडत नाही, दुसरी शिकार करतो. मोठी जनावरं झोपतात तेव्हा हा भर दिवसा निघतो. दबत दबत जवळ जातो, आणि मग एकदा सुटला, की तुमच्या हायवेची कुठली गाडी त्याला गाठणार? हरणाच्या मागच्या पायात पंजाच्या आतल्या बाजूची नखी अशी अडकवतो, की ते आपल्याच वेगाने कोसळतं. मग गळा धरतो आणि चार-पाच मिनिटं सोडत नाही. स्वतःला श्वास पुरत नसतो, तरी सोडत नाही."

शेठ ऐकत होते, पण कबूल करायला तयार नव्हते. "आनि ह्यो पाय का वर?"

"हा नर नाही. आई आहे." इद्रीसचा आवाज उतरला. "एकटीच पिल्लं वाढवते. मी मोबाईलवर शंभर वेळा पाहिलंय. सिंहीण पिल्लांकडे निघाली की ही आडवी येते. चौपट मोठ्या जनावरासमोर फुत्कारते आणि दोन्ही पंजे असे धाडकन जमिनीवर आपटते. हातात काही नसतं, शेठ. नुसती हिंमत. कधी सिंहीण थबकते, कधी नाही. पण शिकार सोडणारी ही बाई पिल्लं सोडत नाही."

"आणि त्या रेघा, चाचा?" मागून आवाज आला. रुचिका दारात उभी होती, केस घट्ट बांधून, हातात गाडीची किल्ली.

"उन्हासाठी, बेटा. भर दुपारची शिकार ना. ती तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्या काळ्या रेघा, असं म्हणतात."

"मला आवडल्या," रुचिका म्हणाली.

"मना न्हाय आवडल्या," शेठ गरजले. "पूस."

इद्रीसने टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं आणलं आणि शेठच्या हातात दिलं. "माझ्याने नाही व्हायचं. तुम्ही पुसा."

शेठनी फडकं भिजवलं, हात वर नेला, आणि चित्तिणीने त्यांच्याकडे असं काही रोखून पाहिलं की हात अधांतरीच राहिला. तेवढ्यात रुचिका म्हणाली, गावदेवीला नारळ फोडायचाय, उशीर होतोय. शेठ बाटली-फडक्यासकट टेम्पोत पुढे जाऊन बसले. आल्यावर पुसू, असं त्यांनी इद्रीसला बजावलं.

दोनला दहा मिनिटं असताना टेम्पो गोडाऊनच्या आवारात शिरला. रुचिकाला चार नंबरचा फलाट मिळाला होता. ती गाडी मागे घेणार, तोच एक ट्रेलर भोंगा वाजवत मध्ये घुसला आणि बिनदिक्कत चार नंबरसमोर आडवा झाला.

शेठनी दार उघडलंच. "थांब, दावतो त्याला. जमीन आपल्या भावकीची हाय ही!"

"बसा, बाबा."

"अगं, जागा खाल्ली त्यानं!"

"खाऊ दे." आणि तिने गाडी वळवली.

शेठच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पोरगी चक्क पळाली! आता उद्या हे गावभर होणार. चित्रातलं जनावर अंगात आलं म्हणायचं. त्यांनी फडकं मांडीवर घट्ट धरलं.

रुचिकाने टेम्पो कोपऱ्यातल्या अरुंद उतारावर नेला. हातगाड्यांची ती वाट. मोठी गाडी तिथे मावतच नाही, आणि तीन वर्षं ऑफिसच्या खिडकीतून तिने ती रोज पाहिली होती. खोके मोजून घेणाऱ्या हफसाला तिने हाक मारली. दोघींनी हमालांना लावलं, आणि ट्रेलर अजून मागे-पुढे करत फलाटाला तोंड जुळवत होता तोवर अर्धा टेम्पो भरलासुद्धा.  शेठच्या कानांचा लाल रंग जरा उतरला.

आणि मग तो ट्रेलर नको तितका मागे आला.

फलाट चुकला म्हणून ड्रायव्हरने गाडी पुन्हा पुढे घेतली, आणि या वेळी तिरकी मागे सोडली, थेट उताराच्या तोंडाकडे. तिथे टेम्पोच्या मागच्या दारापाशी हफसा खोक्यांवरचे नंबर वाचत पाठमोरी उभी होती. पंख्यांच्या घरघरीत तिला काही ऐकू गेलं नाही. शेठनी आरशात पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं, आणि ज्या आवाजासाठी पंचायत माईक बंद करायची, तो आवाज घशातून निघेना.

रुचिका पलीकडच्या बाजूला पावती बघत होती. तिने कागद टाकला आणि सुटली. दहा-बारा पावलांचं अंतर, पण शेठना पुढे आयुष्यभर शपथेवर सांगता आलं असतं, की पोरीचे पाय त्यांना दिसलेच नाहीत. ती हफसा आणि ट्रेलर यांच्या मध्ये आडवी उभी राहिली. दोन्ही हातांचे तळवे तिने ट्रेलरच्या पत्र्यावर धाडकन आपटले, दोन्ही पाय जमिनीवर आपटले, पुन्हा हात, पुन्हा पाय, आणि असा काही आवाज काढला की वरची कबुतरं उडाली.

ब्रेक करकचले. तिच्यात आणि पत्र्यात वीतभर जागा राहिली.

ड्रायव्हर खाली उतरला. सहा फुटी, मनगटं पायाएवढी, चेहऱ्यावर भांडणाची तयारी. रुचिका हलली नाही. मागे हफसा भिंतीला टेकून थरथरत होती.

"पीछे देखा क्या?" रुचिका म्हणाली. "एक कदम और आता, तो क्या होता?"

त्याने हफसाकडे पाहिलं, मग त्या वीतभर जागेकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. "दिखा नहीं, मॅडम," तो पुटपुटला. मग हफसाकडे वळून हात जोडले, आणि ट्रेलर पुढे नेऊन पार आवाराच्या टोकाला लावला.

कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या. शेठचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना फक्त रुचिकाचे गुडघे दिसत होते. ते लटपटत होते. म्हणजे पोरीला भीती वाटली होती. भरपूर वाटली होती, आणि तरी ती तिथे उभी राहिली होती. आपल्या पोरीला आपण आजवर किती कमी ओळखलं, हे त्या वजनदार माणसाला पहिल्यांदाच उमगलं, आणि त्यांची मान अभिमानाने ताठ झाली.

माल निजामपुऱ्यात पोचला, तोही वेळेआधी. गल्लीतल्या लोकांनी हातगाड्या बाजूला घेऊन टेम्पोला वाट दिली. उद्यापासून रोज या, असा गोडाऊनचा फोन वाटेतच आला. शेठ मात्र सबंध रस्ताभर फडकं घट्ट धरून होते, आणि हे रुचिकाला त्या ट्रेलरपेक्षा जास्त घाबरवणारं होतं.

चारच्या सुमारास टेम्पो इद्रीसच्या शेडखाली येऊन थांबला. शेठ उतरले. फडकं अजून हातातच होतं, आता कोरडं ठणठणीत. ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले. त्या उचललेल्या पायांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे.

"बाबा," रुचिका दबक्या आवाजात म्हणाली, "रडताय?"

"न्हाय गो. ऊन लागतंय डोल्यांना."

इद्रीसने वर पाहिलं. डोक्यावर पत्रा होता, आणि शेडमध्ये उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता. 

शेठनी फडकं त्याच्या हातात कोंबलं आणि बोट पुढे केलं.

"ह्या डाव्या डोल्याची रेघ बारीक झालीय बघ. जरा जाड कर."