चिमटा निघालेली पेशंट

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जुन्या देशात, जुन्या वॉर्डात सगळ्यांनी ते तिला चिकटवलं होतं, कारण ही बाई एका जागी म्हणून ठरायची नाही. एका हातानं सलाईन, दुसऱ्या हातानं बीपी आणि तोंडानं डॉक्टरला हाका! मग नवऱ्याच्या नोकरीपायी देश बदलला आणि इतक्या वर्षांची नर्स बघता बघता नर्स राहिली नाही. इथला परवाना हवा, त्यासाठी इथली परीक्षा हवी. तोवर वृद्धाश्रमात मदतनीस. चादरी बदला, भरवा, आंघोळ घाला, पण इंजेक्शनला बोट लावायचं नाही. हात नुसते शिवशिवायचे बिचारीचे.

परीक्षेत ती दोनदा आपटली होती. आता तिसरी संधी, तीही शेवटची. ही हुकली की कॉलेजात पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा.

नवरा भला माणूस, पण भारी हौशी. कुणी काही सुचवलं की हा घेऊन हजर. उशीएवढी जाड पुस्तकं, व्हिडिओंचे कोर्स, मोबाइलमधली ॲप्स, रंगीत कार्डांचे गठ्ठे. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नाही. सासूबाई ताट मांडीवर घेऊन म्हणाल्या, "अरे, हिला परीक्षा द्यायचीय की दुकान थाटायचंय?"

भिंगरीला हसू आलं आणि रडूही. वृद्धाश्रमातली तिची जोडीदारीण लंबू, तीही एकदा नापास झालेली, अशाच ढिगाऱ्याखाली घरात एकटी बसलेली असायची. अति तिथं माती, दुसरं काय!

मग सुट्टीच्या सकाळी तिनं पदर खोचला. एकच विषय धरला, हृदयाच्या औषधांचा, आणि प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक ॲपमध्ये तोच उघडून बघितला. बहुतेकांनी नुसतं बरोबर उत्तर सांगितलं होतं. एका प्रश्नसंचात मात्र चुकीचं उत्तर का चुकीचं, तेही फोड करून लिहिलेलं. "हाच!" ती ओरडली. सोबतीला एक पुस्तक ठेवलं आणि बाकी सगळं खोक्यात भरून नवऱ्याच्या हातात दिलं. टेबल मोकळं झालं आणि तिचं डोकंही.

प्रश्न वाचून दाखवायचं काम सासूबाईंनी आपण होऊन घेतलं. चष्मा नाकावर आणि आवाज असा खणखणीत, की शेजाऱ्यांचीही तयारी व्हावी! दोन-चार दिवसांत त्यांनी वाचता वाचता बोट ठेवलं. "बाई गं, तू दरवेळी एकाच खड्ड्यात पडतेस. ते विचारतात, सगळ्यात आधी काय कराल? तू ऑक्सिजन लावतेस, डॉक्टरला फोन करतेस. अगं, पेशंटकडे आधी बघतेस कुठं?"

"बघायला वेळ कुठं असतो, आई! वॉर्डात हात आपोआप चालतात."

"चालतात ना? मग आता मीच पेशंट होते!"

तरुणपणी सासूबाई हौशी नाटकात होत्या. मोलकरणीचं काम, 'बाईसाहेब, पाहुणे आले' एवढंच वाक्य. इतक्या वर्षांनी मुख्य भूमिका मिळाल्यावर त्या सोडणार होत्या होय? कोचावर आडव्या झाल्या, गळ्यापर्यंत पांघरूण घेतलं, बोटाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. हॉस्पिटलात ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात ना, तो हा. नवरा मशीन झाला आणि दारात उभा राहून जीव तोडून 'टीं टीं' करू लागला.

"ऑक्सिजन घसरला!" भिंगरी उडालीच. "मास्क लावते, डॉक्टरांना फोन..."

"टीं टीं टीं!"

"फोन लावला! पलंग वर केला!"

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "झालं तुझं? मी मस्त आहे गं. माझा चिमटा निघालाय." चिमटा पांघरुणात पडला होता. तिघंही इतकी हसली की मशीनला ठसका लागला.

पण त्या हसण्यात भिंगरीला लख्ख कळलं. वॉर्डात ती बघत होतीच, पळता पळता बघत होती. कागदावर मात्र पळायची सोय नाही, तिथं आधी थांबावं लागतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कोचावर नवा पेशंट. सासूबाईंचा नियम कडक होता. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, दुखतंय तेही नाही. भिंगरी हात मागे बांधून उभी राही, आधी बघे, मग विचारी. उत्तरं जमू लागली तशी तिची झोप उडाली, पण ती आनंदानं. आंघोळीतसुद्धा ती 'आधी बघ, आधी बघ' असं पुटपुटायची.

परीक्षेच्या खोलीत प्रत्येक प्रश्नात तिला कोचच दिसत होता. अपेक्षेपेक्षा लवकर स्क्रीन बंद झाला. पास की नापास याची खात्री पटली की कॉम्प्युटर आपणहून प्रश्न थांबवतो. लवकर बंद म्हणजे एकतर फारच चांगलं, नाहीतर फारच वाईट.

निकाल आला तेव्हा फोन नवऱ्याच्या हातात होता.

"पास! अगं, पास!" तो जिन्यापर्यंत धावत गेला, परत आला, पुन्हा धावला. भिंगरी किंचाळली, रडली, माहेरी आईला फोन लावायला तिनं हात पुढे केला आणि थबकली. आधी बघ. तिनं बघितलं. कोच रिकामा होता.

सासूबाई आतल्या खोलीत पाठमोऱ्या उभ्या होत्या. पांघरुणाची घडी घालून झाली होती, चिमटा टोपलीत टाकत होत्या.

"आई, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही गं. आनंद झालाय, पोटभर." त्यांनी डोळे पुसले. "पण विचारलंस म्हणून सांगते. उद्यापासून त्या कोचावर पडले, तर मी नुसती म्हातारीच ना?"

भिंगरी पुढे झाली. तिनं त्यांना घट्ट मिठी मारली. मग तिला एकदम सुचलं.

"आई, उद्या लंबूला घेऊन येऊ? तीसुद्धा आपटलीय. पेशंटकडे ढुंकून बघत नाही, थेट डॉक्टरला फोन लावते."

"अस्सं?" सासूबाईंनी टोपलीत हात घालून चिमटा शोधला आणि बोटाला लावला. "घेऊन ये तिला. विचारल्याशिवाय मी हूं की चूं करायची नाही!"