काचवाल्याच्या घरचा आरसा

काचवाल्याला गिऱ्हाइकांपेक्षा त्यांच्या शंका जास्त आवडायच्या. आरसा घेताना कुणी नुसतं विचारावं, फुटला तर काही वाईट होत नाही ना, की काच कापणारी त्याची हिरकणी थबकलीच आणि भाषण सुरू. घरात छत्री का उघडू नये, तर जुन्या छत्र्यांच्या तारा ताठ, फाडकन उघडली की कुणाचा तरी डोळा जायचा. शिडीखालून का जाऊ नये, तर वरच्या माणसाची बादली डोक्यात पडते. मीठ एकेकाळी महाग होतं, म्हणून सांडायचं नाही. आरसा तर त्याहून महाग, म्हणून नोकरांनी तो जपून पुसावा यासाठी मालकांनीच उठवलेली ती आवई. यातलं त्याने वाचलेलं किती आणि स्वतः जुळवलेलं किती, देव जाणे. धाकट्या मेहुणीचा या सगळ्या अपशकुनांवर पक्का विश्वास होता आणि गेली तीस वर्षं तो तिची यथेच्छ टिंगल करत आला होता.

अशा या माणसाच्या हातून, बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशीच सकाळी, बेसिनवरचा आरसा फुटला.

ऑपरेशन पित्ताशयातल्या खड्यांचं होतं. डॉक्टरांनी ‘किरकोळ’ हा शब्द तीनदा वापरला होता. बायको आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात दाखल झाली होती. हा घरी एकटाच, चष्म्याविना, तोंडाला साबण फासून दाढी करत होता. आरसा जरा सरळ करावा म्हणून हात लावला, तर तो सुटून धाडकन बेसिनमध्ये आदळला. लग्नानंतर त्याने स्वतः कापून, कडा घासून बायकोला दिलेला आरसा. दिवसाला दहा आरसे कापणारा गडी तोंडावरचा साबण तसाच ठेवून तुकडे वेचू लागला. ते त्याने वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कपाटावर लपवले. घरात दुसरं कुणी नसताना कुणापासून लपवले, हे त्यालाच ठाऊक. अर्धी दाढी तशीच ठेवून तो दवाखान्यात पोचला.

बाकावर मेहुणी बसली होती. तिने दाढीकडे पाहिलं आणि चहा आणून दिला. तासाभराचं काम म्हणून सांगितलं होतं, दीड तास होऊन गेला. शेवटी त्याने भिंतीकडे बघत विचारलं, आरसा फुटला तर काही उपाय असतो का. एक गिऱ्हाईक विचारत होतं म्हणे.

मेहुणी काय ते समजली. तिच्याकडे उपाय ढीगभर होते आणि तीस वर्षांचं उट्टं काढायची संधीही आयती चालून आली होती. तिने कप खाली ठेवला.

“भावोजी, पूर्वी आरसे फार महाग असायचे,” ती म्हणाली. “नोकरांनी जपून पुसावेत म्हणून मालकांनी उठवलेली आवई आहे ती. तुम्हीच सांगितलंत ना?”

“ते खरं असेल कशावरून?”

“खरंच आहे ते,” ती इतक्या ठामपणे म्हणाली की त्याला तिचे पाय धरावेसे वाटले.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. आधीचाच पेशंट लांबला होता, हिचं सगळं नीट पार पडलं होतं. काचवाल्याचा जीव भांड्यात पडला. मेहुणी तोंडाला पदर लावून रडली आणि मग त्यालाच म्हणाली, आता डोळे पुसा.

दुपारी बायकोला नीट जाग आली. तिने आधी दाढीचं विचारलं. त्याने आरशाचं खरं काय ते सांगून टाकलं. ती डोळे मिटून बारीक हसली.

“तो काल मीच फोडला. पिशवी भरताना कोपर लागलं. मागून चिकटपट्ट्या लावून परत टांगला. तुम्हाला पट्ट्या दिसल्या नाहीत?”

सारा जन्म काचेत गेलेल्या माणसाने तुकडे उलटून पाहिलेच नव्हते.

“सांगितलं का नाहीस मग?”

“तुम्ही हसला असतात. मी रात्रभर जागी होते हो.”

“नसतो हसलो,” तो म्हणाला. “मला फार भीती वाटत होती गं.”

तीस वर्षांत तो असं काही पहिल्यांदाच बोलत होता. बायकोने चादरीखालून हात काढून त्याचा हात घट्ट धरला.

“मलाही,” ती म्हणाली.