चौथ्या ओळीसमोरची पट्टी

चौथ्या ओळीसमोरची पट्टी एक सेंटिमीटर आणि एक मिलिमीटर भरली. सुमंगलाने स्टीलचं स्केल कागदावरून उचललं, टेबलावरच्या काचेच्या कडेला पुसलं आणि पुन्हा ठेवलं. तेवढीच भरली. बाकीच्या आठ ओळींसमोर आठ पट्ट्या होत्या आणि त्यांतली एकही दोन सेंटिमीटरच्या आत नव्हती. सहाव्या ओळीसमोरची तर तीन सेंटिमीटरच्याही पुढे गेली होती.

बुधवारी दुपारी जेवणानंतर ती हे करत बसली होती. त्या दोन लांब्या सोमवारपासून तिला पाठ होत्या. पुन्हा मोजून वेगळं काही निघणार नव्हतं, तरी ती मोजत होती.

हुलिकट्ट्याच्या रेशीम बीज केंद्रात किड्यांचे नऊ वाण सांभाळले जात. दर पिकाला प्रत्येक वाणाचे मोजून शंभर किडे वेगळे काढायचे, त्यांतले किती जगून कोष करतात ते लिहायचं, आणि चांगल्या कोषांतून पुढचं बियाणं धरायचं. नऊ वाण, नऊ फळ्या. पण तीन वर्षांपूर्वी मागच्या खोलीचं छप्पर धोक्याचं ठरलं, तिला कुलूप लागलं आणि आठच वाणांपुरती जागा उरली. एक वाण बंद करा, कोणता ते केंद्राच्या प्रमुखांनी ठरवावं, असं वरून पत्र आलं. प्रमुख म्हणजे सुमंगला. तिने पहिल्या वर्षी उत्तर लिहिलं, ‘निर्णय विचाराधीन आहे.’ दुसऱ्या वर्षी तेच लिहिलं. तिसऱ्या वर्षी तारीख तेवढी बदलली. नववी फळी तोवर व्हरांड्यात, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला दिवस काढत होती.

यंदा मात्र बेंगळुरूहून नवा नमुना आला. सहा पिकांचे आकडे एका पानावर, आणि प्रत्येक ओळीसमोर त्या वाणाच्या सरासरीची आडवी पट्टी. तिथल्या समितीला एका नजरेत कळलं पाहिजे. संचालक चन्नवीरय्या गुरुवारी स्वतः येणार होते.

तो कागद तिने आणि नझिमाने मिळून गेल्या शुक्रवारी केला होता. नझिमा केंद्राची संगणकावरची बाई. बारा वर्षं तिथेच बसून तिने यंत्राशी सवतीसारखं भांडण मांडलं होतं.

"अगं सरक की गं मेले," ती पडद्याला म्हणाली होती. "मॅडम, बघा ना, तक्त्यात नऊ ओळी, हिच्या नऊ पट्ट्या, पण एक समोरासमोर येईल तर शपथ. पहिली इथे, दुसरी तिथे. लग्नाच्या पंगतीत पानं वाकडी मांडल्यासारखं दिसतंय."

"पट्ट्यांशेजारी वाणांची नावं आली आहेत, त्यांनीच जागा खाल्लीये."

"मग उडवा की नावं! डावीकडे तक्त्यात आहेतच. दोन-दोनदा कशाला? आपल्या बसवण्णा क्लार्कला दोन वेळा सांगावं लागतं, समितीला नाही."

नावं उडवली. मग आलेख खाली ओढला, वर ओढला, ओळींची उंची केसाएवढी वाढवली. पाऊण तासाने प्रत्येक पट्टी आपापल्या ओळीच्या बरोबर समोर आली. नझिमाने खुर्ची मागे ढकलून टाळी वाजवली.

"आता कशा! एकेकीच्या दारात एकेक उभी."

कागद सुरेख दिसत होता. आकडे मुंगीएवढे झाले होते आणि सरासऱ्या दुसऱ्या पानावर गेल्या होत्या, पण आता त्या वाचायची गरज कुणाला होती? कागद त्याच संध्याकाळी बेंगळुरूला गेला.

सोमवारी सकाळी संचालकांचा फोन आला. "सुमंगला, असा कागद पाहिजे माणसाला. तीन वर्षं तुम्ही मला आकड्यांत बुडवून मारलं. आता बघा, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चौथा. तो पिवळा. काहीच उरलं नाही हो त्याच्यात. आणि सहावा म्हणजे तुमचाच ना? शाब्बास. गुरुवारी येतो, सह्या करून टाकू."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं होतं. ते हलकेपण तिने स्वतःपाशी नोंदवूनही ठेवलं, कारण नोंद करायची तिची सवय होती. सहावा वाण तिचा होता. या केंद्रात रुजू झाली त्या वर्षी दोन जातींच्या संकरातून तिने तो धरला होता, आणि अकरा वर्षं पिढीमागून पिढी निवडत आणला होता. फिकट हिरवट कोष, आणि धागा इतका बारीक की चरख्यावरच्या बायका डोळे बारीक करून बघत. फक्त त्याचे किडे उन्हाळ्यात टिकत नसत. पुढच्या पिढीत टिकतील, असं तिला दर पिढीला वाटायचं.

आणि आता आलेखात सहाव्याची पट्टी सगळ्यांत लांब निघाली होती. तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. तिने दुसरं पान उघडून सरासऱ्या बघायला हव्या होत्या. सोमवार गेला, मंगळवार गेला, दुसरं पान तिने उघडलं नाही. स्केलने पट्ट्या तेवढ्या मोजल्या.

बुधवारी स्केल खणात टाकून ती कागदासकट उठली. चौथा वाण केंद्रातले किडे सांभाळणाऱ्या सण्णम्माचा होता. गुरुवारी संचालकांच्या तोंडून कळण्याआधी तिला सांगणं भाग होतं.

किड्यांच्या खोलीच्या दाराशी चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, चुन्याच्या भुकटीत पाय टेकवून मग आत. सण्णम्माच्या राज्यात याला कुणालाच सूट नव्हती. डोक्यात मल्लिगेची फुलं माळली म्हणून नझिमाला तिने कैकदा दारातून हाकललं होतं. किड्यांना वास चालत नाही.

"आली का डाक्टरम्मा," सण्णम्मा मान न वळवता म्हणाली. साठीच्या आसपासची, हडकुळी बाई. तुतीची पानं फळीवर अशी पसरत होती, जणू झोपलेल्या मुलावर पांघरूण घालतेय. "आज पावलं जड पडताहेत. नाचणीचे मुद्दे जास्त खाल्लेस की काय?"

"जेवलेच नाही धड."

"मग तर आणखी जड. काय तो कागद?"

सुमंगलाने कागद पुढे केला. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं, पण सण्णम्माने हात लुगड्याला पुसून कागद घेतलासुद्धा आणि खिडकीपाशी उजेडात नेला. तिला अक्षर येत नव्हतं. मोजता मात्र येत होतं. वरून खाली बोट फिरवत ती चौथ्या ओळीपाशी थांबली आणि तिचं तोंड फुललं.

"हे कुणी काढलं? नझिमाने? तिला म्हणावं, उद्या फुलं माळून ये, एक दिवस चालेल."

"सण्णक्का, ऐक—"

"बरोबर काढलंय गं! चौथी ओळ सगळ्यांत आखूड. माझी पिवळी. आणि ही सहावी," तिचा आवाज थोडा खाली आला, "तुझी लेक. सगळ्यांत लांब. काय करायचं, आहे ते आहे."

सुमंगलाला क्षणभर काही कळेना. "आखूड म्हणजे वाईट ना, सण्णक्का. लांब ते चांगलं."

"लांब ते चांगलं?" सण्णम्मा हसली. "कॉलेजात असं शिकवतात होय? लांब म्हणजे जास्त मेले. इकडे ये."

खिडकीच्या रुंद कट्ट्यावर चिंचोक्यांच्या नऊ रांगा होत्या. मोजणीच्या किड्यांतला एक मेला की सण्णम्मा त्या वाणाच्या रांगेत एक चिंचोका ठेवायची, आणि पीक संपलं की सुमंगला त्या मोजून वहीत लिहायची. अकरा वर्षं ती हेच करत आली होती. चौथ्या रांगेत आठ चिंचोके होते. सहावी रांग कट्ट्याच्या कडेपर्यंत जाऊन वळली होती.

सण्णम्माने कागद रांगांशेजारी ठेवला. "बघ. दुसरी आखूड, इथेही आखूड. आठवी लांब, इथेही लांब. नऊच्या नऊ माझ्यासारख्याच आहेत. आता सरकारलाही शहाणपण आलं म्हणायचं."

सुमंगला वाकून बघत राहिली. कागदावरच्या पट्ट्या जगलेल्यांच्या होत्या आणि कट्ट्यावरच्या रांगा मेलेल्यांच्या. दोन्ही जुळायला नको होत्या. एक लांब तिथे दुसरी आखूड, असं हवं होतं. एखादी ओळ चुकली तर आकडा चुकला म्हणता येईल. पण सगळंच इतक्या नीट उलटं होतं, म्हणजे चूक आकड्यात नव्हती. तिने पाचव्या ओळीची सहा पिकं मनात मिळवली आणि सहांनी भागलं. शहाऐंशी. पट्टीही शहाऐंशीचीच होती. मधली एकटी आपल्या जागी, आणि तिच्या वरच्या खाली, खालच्या वर.

"डाक्टरम्मा? बस खाली. रंग उडालाय तोंडाचा."

"आम्ही पट्ट्या उलट्या लावल्या गं," सुमंगला म्हणाली. "यंत्र पहिली पट्टी तळाशी ठेवतं आणि वर चढत जातं. तक्ता वरून खाली येतो. शेजारची नावं आम्ही उडवली, त्यामुळे दिसलं नाही. पहिलीसमोर नववीची लागली, आणि तुझ्या पिवळीसमोर..." ती थांबली.

"तुझ्या लेकीची," सण्णम्मा म्हणाली.

फळीवर किडे पानांच्या कडा कुरतडत होते.

"म्हणजे त्या कागदावरून माझीला काढणार होते?"

"हो."

"आणि तू ते सांगायला आली होतीस."

"हो."

सण्णम्माने एक चिंचोका उचलला, बोटांत फिरवला आणि होता तिथेच ठेवला. "मी तुझीला शेंड्याची कोवळी पानं देते, माहितेय? पहिल्यापासून. पिवळीला खालची जून देते, ती काहीही खाते. कुणाला बोलले नाही. म्हटलं, पोरीनं एवढा जीव लावलाय."

"म्हणजे जून पानांवर तुझीचे आठ मेले, आणि कोवळ्या पानांवर..."

"एकोणतीस. काल रात्रीपर्यंत."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? रांगा तूच मोजतेस की." सण्णम्माने तिच्या खांद्यावरचा तुतीच्या पानाचा तुकडा झटकला. "जा. जेव आधी. सारू-भात ठेवलाय डब्यात माझ्या, तो घे. उपाशी माणसाने काही ठरवू नये."

चार वाजता ती नझिमाच्या खोलीत गेली. ऐकून नझिमाने कपाळावर हात मारला.

"उलट्या? पाऊण तास दाराशी दार जुळवलं ते सगळं उलट्या घरांना?" तिने आलेखाच्या उभ्या कडेवर टिचकी मारली, यादी उघडली आणि एका चौकटीत खूण केली. पट्ट्या झर्रकन फिरल्या. पाचवी तेवढी हलली नाही. "बास. एवढंच होतं. एक टिचकी. आणि त्या पिवळ्याचा जीव गेला असता." मग तिचं लक्ष सहाव्या ओळीकडे गेलं आणि ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ही तर तुमची."

"हो."

नझिमाने पट्ट्या जिथून सुरू होत होत्या तिथे पडद्यावर बोट ठेवलं. "एक सांगू? ही मशीन पट्ट्या साठपासून काढतेय. आपण सांगितलं नव्हतं, तिनेच ठरवलं. म्हणून तुमची एवढीशी दिसते. शून्यापासून काढते, थांबा." तिने आकडा बदलला. सगळ्या पट्ट्या उजवीकडे वाढल्या आणि सहावी त्यांच्यात जवळजवळ मिसळून गेली. "बघा. आता काही वाईट दिसत नाही. खोटंही नाही ना हे?"

"खोटं नाही. पट्ट्या शून्यापासूनच हव्या होत्या, तेही आपलंच चुकलं." सुमंगलाला या वेळी स्केल लागलं नाही. डोळ्यांना कळत होतं. शंभरातले एकाहत्तर, आणि समोर पिवळीचे एक्क्याण्णव. "तरी सगळ्यांत आखूड तीच आहे, नझिमा. नावं परत घाल पट्ट्यांशेजारी. जागा नसेल तर अक्षर बारीक कर, पण घाल."

गुरुवारी अकराला संचालकांची गाडी आली. सण्णम्माने त्यांनाही दाराशी थांबवलं. "सर, मोजे पण." चन्नवीरय्यांनी मोजे काढले, पाय धुतले, चुन्यात टेकवले आणि पँट दुमडून, दोन्ही हात हवेत धरून आत आले.

"कुठेय तो आपला कागद? सही करतो आणि निघतो. चन्नपट्टणात जेवायला थांबलेत लोक."

सुमंगलाने नवा कागद दिला. शुक्रवारचा कागद का चुकला ते तिने सरळ, एकदाच सांगितलं. कुणी उलटं लावलं असं विचारल्यावर "मी," म्हणाली. संचालकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि चौथी ओळ बोटाने दाबून धरली.

"म्हणजे पिवळा चांगला आहे?"

"सगळ्यांत चांगला, सर. सहा पिकं झाली."

सण्णम्मा त्यांच्याकडे पाठ करून पानं पसरत होती. तिचा हात थांबला नव्हता, पण एकाच फळीवर फिरत होता.

"अरे देवा. मग आता परत पुढच्या वर्षी?" संचालक वैतागून म्हणाले. "परत ‘विचाराधीन’ लिहिणार? व्हरांड्यातली फळी अजून किती दिवस ठेवणार आहात? या कागदावर बघून एक काय ते सांगा. कुठला बंद करायचा?"

खिडकीच्या कट्ट्यावर ऊन आलं होतं. सुमंगलाने तिकडे एकदा पाहिलं.

"सहावा, सर," ती म्हणाली. "माझा. सहावा बंद करायचा."